डीएसएस कोलायटिसमध्ये सगळ्या आजारी गटांचं एमपीओ जवळपास सारखंच: घोळ उंदरांत की प्लेटमध्ये?

कोलन_आठसेंमी

नमस्कार मंडळी,

सी५७बीएल/६ जातीचे नर उंदीर, १० आठवड्यांचे, प्रत्येक गटात ६. पिण्याच्या पाण्यातून २.५% डीएसएस (डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, मोठ्या आतड्याचा दाह म्हणजे कोलायटिस घडवणारं पॉलिमर, ३६ ते ५० किलोडाल्टन) ७ दिवस, आठव्या दिवशी विच्छेदन. वजनं घटली, विष्ठेत रक्त दिसलं. मोठ्या आतड्याची लांबी निरोगी गटात ८ सेंमी, डीएसएस गटात साडेपाच, औषधाच्या जास्त मात्रेच्या गटात ७. म्हणजे डोळ्यांना फरक दिसतोय. मायलोपेरॉक्सिडेजला (एमपीओ, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतलं एन्झाइम, त्यावरून दाह मोजतात) मात्र तो दिसत नाही.

पद्धत अशी: आतड्याचा ५० मिग्रॅ तुकडा, १ मिली ०.५% एचटीएबी हे डिटर्जंट (५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.०), बर्फावर रोटर होमोजिनायझर, ३ वेळा गोठवणं-वितळवणं, ४ अंशांवर १५,००० जी १५ मिनिटं. निवळ (वरचा स्वच्छ द्रव) बर्फावरच ठेवली. ९६ खणांच्या प्लेटमध्ये १० मायक्रोलिटर निवळ आणि २९० मायक्रोलिटर ओ-डायॲनिसिडिनचं मिश्रण (एमपीओ पेरॉक्साइड वापरून याला रंगवतं; ०.१६७ मिग्रॅ/मिली, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.०००५%). ५ मिनिटांनी ४६० नॅनोमीटरला एकच रीडिंग.

सरासरी ओडी (प्रकाशाचं शोषण): निरोगी ०.४६, डीएसएस १.३१, कमी मात्रा १.३३, जास्त मात्रा १.२४. ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीने प्रथिन काढून भागलं तर आकडे आणखीच वेडेवाकडे होतात.

शिवाय कॉक्स-२ (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम) च्या क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए मोजणारी चाचणी) डीएसएस गटाची सीटी (संकेत दिसायला लागणारी फेरी) उशिरा येते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ॲक्टिनचीही उशिराच. आरएनएचं २६०/२८० गुणोत्तर (शुद्धतेची खूण) २.० आहे. कुठून सुरुवात करू?

---

उतारा_४६०

सुरुवात पेरॉक्साइडच्या हिशोबापासून करा. तुमचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

०.०००५% म्हणजे लिटरला ५ मिग्रॅ, म्हणजे ०.१४७ मिलिमोलर. डायॲनिसिडिन डायहायड्रोक्लोराइड ०.१६७ मिग्रॅ/मिली म्हणजे साधारण ०.५३ मिलिमोलर, ते मुबलक आहे. आधी संपतं ते पेरॉक्साइड. रंगीत पदार्थाचा शोषणांक ४६० ला ११.३ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी. सगळं पेरॉक्साइड रंगात गेलं तरी १ सेंमी मार्गावर ओडी ०.१४७ × ११.३ = १.६६ च्या वर जाऊ शकत नाही. ३०० मायक्रोलिटर भरलेल्या खणात द्रवाची उंची सुमारे ०.९ सेंमी, म्हणजे छत १.५. त्यात ऊतीतलं कॅटलेज थोडं पेरॉक्साइड परस्पर खातं, म्हणून प्रत्यक्षातलं छत आणखी खाली.

तुमचे तिन्ही आजारी गट १.२४ ते १.३३ मध्ये अडकलेत. ते एकमेकांसारखे आहेत म्हणून नव्हे, ५ मिनिटांत तिघांचंही पेरॉक्साइड संपलं म्हणून. मिनिटाला ०.३ ने चढणारा नमुना आणि ०.८ ने चढणारा नमुना, दोघेही पाचव्या मिनिटाला एकाच छताला डोकं टेकवून उभे असतात. शेवटचं रीडिंग म्हणजे शर्यत संपल्यावर काढलेला फोटो. कोण आधी पोचलं ते त्यात दिसत नाही.

तेव्हा दर मोजा. २५ अंशांवर, दर १० ते १५ सेकंदांनी रीडिंग, २ ते ३ मिनिटं. चढण सरळ आहे तेवढाच भाग घ्या, आणि ओडीची एकूण वाढ ०.१५ च्या आत असलेलाच भाग वापरा, म्हणजे पेरॉक्साइड दहा टक्क्यांपेक्षा जास्त खर्च झालेलं नसतं. डीएसएस गटाचे नमुने त्यासाठी ५ पट, कधी २० पट विरल करावे लागतील, आणि तेही एचटीएबी बफरमध्येच, पाण्यात नाही. नमुने आधी भरा, मिश्रण शेवटी मल्टिचॅनेल पिपेटने टाका. एकेक खण भरत बसलात तर पहिला आणि शेवटचा यांत मिनिटभराचं अंतर पडतं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

आकडेमोड: समजा ५ पट विरल नमुन्याचा दर प्लेटमध्ये मिनिटाला ०.०५४. मार्ग ०.९ सेंमी, म्हणून १ सेंमीला ०.०६०. भागिले ११.३ म्हणजे ०.००५३१ मायक्रोमोल प्रति मिली. नमुना ३०० मध्ये १०, म्हणून गुणिले ३०, म्हणजे अर्काला ०.१५९ युनिट प्रति मिली (१ युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल). ५० मिग्रॅ ला १ मिली, म्हणून गुणिले २०, म्हणजे ३.१९ युनिट प्रति ग्रॅम. विरलनाचे ५ धरले की १५.९. मार्गाची लांबी अंदाजाने धरू नका. रीडरला जमत असेल तर ९७७ आणि ९०० नॅनोमीटरमधला फरक घ्या. पाण्याला १ सेंमीसाठी तो साधारण ०.१८ येतो.

एक चाचणी मात्र सोडू नका. एकच नमुना विरल न करता, ५ पट आणि २० पट असा चालवा. प्रति ग्रॅम युनिट तिन्हींत जवळपास सारखे आले पाहिजेत. विरल केल्यावर युनिट वाढत असतील तर मूळ नमुना छताला लागलेला आहे किंवा त्यात अडथळा आहे.

पेरॉक्साइडची बाटली किती जुनी आहे? १००० पट विरल करून २४० नॅनोमीटरला बघा (शोषणांक ४३.६ प्रति मोलर). ३०% बाटली असेल तर ०.३८ ते ०.४३ यायला हवं. ०.२ आलं तर ती बाटली फरशी पुसायला. आणि ६०,००० पट विरलन एका दमात करू नका: ०.१ मिली पेरॉक्साइड आणि २.९ मिली पाणी हे १% झालं, त्यातलं ५० मायक्रोलिटर १०० मिली मिश्रणात. त्याच दिवशी करायचं आणि उरलेलं टाकायचं. मोह झाला तरी पेरॉक्साइड वाढवून छत वर न्यायचा प्रयत्न नको, जास्त पेरॉक्साइड एमपीओलाच निकामी करतं.

---

गाळ_आणि_निवळ

वरचं सगळं मान्य. पण मला जास्त खटकतोय तो निरोगी गटाचा ०.४६. निरोगी आतड्यात न्यूट्रोफिल अगदी मोजके, त्यातून उंदराच्या न्यूट्रोफिलमध्ये माणसाच्या मानाने एमपीओ बरंच कमी. मग हा रंग कुठून आला? मला दोन संशयित दिसतात.

पहिला, खुद्द एचटीएबी. ते सुमारे २५ अंशांखाली नीट विरघळलेलं राहत नाही, सुयांसारखे स्फटिक होतात. तुम्ही ते बर्फावर ठेवलंत, ४ अंशांवर फिरवलंत आणि थंड निवळ थेट प्लेटमध्ये टाकलीत. गढूळपणा ४६० ला ओडी दाखवतोच. शिवाय सेंट्रिफ्यूजमध्ये स्फटिक खाली बसतात तेव्हा निवळीतलं डिटर्जंट कमी होतं आणि एमपीओ पुन्हा पडद्यांना चिकटून गाळात जातं. ते धनभारित प्रथिन आहे, न्यूट्रोफिलच्या ॲझुरोफिल कणांतून सुटायला त्याला डिटर्जंट लागतंच. मे महिन्यात बाकावर झकास जमणारा प्रयोग १८ अंशांच्या एसीखाली फसतो तो यामुळेच. एकदा एचटीएबी टाकलं की नंतरचं सगळं २५ ते ३० अंशांवर. एमपीओ दणकट एन्झाइम आहे, अर्धा तास बाकावर राहिलं तर काही बिघडत नाही.

दुसरा, रक्त. हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेजसारखं वागतं आणि डायॲनिसिडिनला रंगवतं. डीएसएसच्या उंदरांत रक्त कुठे कमी असतं?

दोन्हींवर इलाज एकच: अर्क दोन टप्प्यांत काढा.

तुकडा आधी थंड सलाइनने धुवा, विष्ठा राहू देऊ नका. ५० मिग्रॅ ला १ मिली ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, डिटर्जंट अजिबात नाही, बर्फावर ३० सेकंद होमोजिनाइझ. (फेसाचा त्रासही यात वाचतो. रोटर एचटीएबीत चालवलं की अर्धी नळी फेसाने भरते आणि आकारमानाचा भरवसा राहत नाही.) ४ अंशांवर १२,००० जी २० मिनिटं. वरची लालसर निवळ म्हणजे हिमोग्लोबिन आणि विद्राव्य प्रथिनं. ती फेकू नका, तिचा एक भाग राखून ठेवा, कारण पेशींबाहेर सुटलेलं थोडं एमपीओ तिच्यात जाऊ शकतं. पहिल्या खेपेला दोन्ही भाग मोजून बघा.

मग गाळ १ मिली ०.५% एचटीएबीमध्ये, पीएच ६.०, खोलीच्या तापमानाला. द्रव नायट्रोजन ते ३७ अंशांचं पाणी अशा ३ फेऱ्या, प्रोबने १० सेकंदांचे २-३ झटके, आणि २५ अंशांवर १२,००० जी १० मिनिटं. बफर १ मोलर साठ्यांतून करत असाल तर लिटरला डायपोटॅशियम ६.६ मिली आणि मोनोपोटॅशियम ४३.४ मिली. पीएच मीटरवर बघून घ्याच.

ब्रॅडफर्डचा विषय: डिटर्जंट त्याचा रंग बिघडवतं, म्हणून एचटीएबी अर्कावर ते करायचंच नाही. पहिल्या टप्प्यातला डिटर्जंट नसलेला होमोजिनेट फिरवण्याआधी थोडा बाजूला काढा आणि प्रथिन त्यात मोजा.

---

कोलन_आठसेंमी

मनःपूर्वक आभार. स्फटिकांचं खरं असावं, नळ्यांच्या तळाशी पांढरं काहीतरी होतं, मला ती चरबी वाटली.

दोन शंका. जुने एचटीएबी अर्क उणे ८० मध्ये आहेत, ते वाचवता येतील का? आणि आतडं धुवायला वापरलेल्या पीबीएसमध्ये ०.०२% सोडियम अझाइड होतं. चालतं ना?

---

गाळ_आणि_निवळ

अझाइड चालत नाही! हीममधल्या लोहाला चिकटून ते एमपीओ थेट अडवतं. ०.०२% म्हणजे सुमारे ३ मिलिमोलर. तुमच्या प्लेटमध्ये पोचेपर्यंत ते बरंच विरल झालं असणार, पण प्रत्येक नळीत किती उरलं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि हाच खरा त्रास. पुढच्या वेळी बिनअझाइडचं पीबीएस, ताजं.

अर्क मात्र फेकू नका. ३७ अंशांवर १० मिनिटं, उलटसुलट करून सगळे स्फटिक विरघळवा, मग २५ अंशांवर फिरवा आणि दर मोजा. रक्त त्यात मिसळलेलंच आहे, म्हणून प्रत्येक नमुना दोन खणांत: एक साधा, दुसऱ्यात एमपीओ अडवणारं ४-अमिनोबेंझॉइक ॲसिड हायड्रॅझाइड, ५० मायक्रोमोलर, मिश्रण टाकण्याआधी १० मिनिटं. ते डीएमएसओमध्ये विरघळवाल, तर तेवढंच डीएमएसओ साध्या खणातही हवं. साध्यातून अडवलेला दर वजा केला की उरतं ते एमपीओचं. निरोगी गटाचा बहुतेक दर अडवलेल्या खणातही तसाच राहिला, तर तो रंग एमपीओचा नव्हता हे कळेल.

---

उतारा_४६०

अर्क ६० अंशांवर २ तास तापवायची रीतही आहे. कॅटलेज मरतं, एमपीओ बरंचसं टिकतं.

---

गाळ_आणि_निवळ

टिकतं, पण "बरंचसं" म्हणजे किती हे ऊतीवर अवलंबून. ज्यांना विरलनाच्या चाचणीत अडथळा दिसतो त्यांनी तापवावं. सरसकट तापवायला माझी हरकत आहे. आणि करायचंच तर सगळे गट एकाच ब्लॉकमध्ये, एकाच वेळी.

बाकी डायॲनिसिडिन कर्करोगकारक मानलं जातं, तेव्हा तोलताना फ्यूम हूड आणि दुहेरी मोजे. टाकाऊ द्रव बेसिनमध्ये ओतायचा नाही. वेगळी बाटली ठेवा. ते नको असेल तर त्याऐवजी टीएमबी हा रंग देणारा पदार्थ, पीएच ५.४ वर, ६५५ नॅनोमीटर. फक्त तेव्हा ११.३ चा शोषणांक विसरायचा.

---

प्राणीघर

प्लेट सुधाराल, पण तुकडा कुठून घेतला ते कुणी विचारलंच नाही. डीएसएसचे व्रण गुदद्वाराकडच्या टोकाला जास्त, आणि तेही ठिगळांसारखे. ५० मिग्रॅ एका उंदराच्या मधल्या भागातून आणि दुसऱ्याच्या शेवटातून गेले तर औषधापेक्षा जागेचाच फरक मोठा निघतो. आतडं लांबीच्या दिशेने उभं चिरा. अर्धं गुंडाळी करून फॉर्मलिनमध्ये, हिस्टॉलॉजीला. उरलेल्या अर्ध्याचे शेवटचे २ सेंमी, प्रत्येक उंदरात तेच, नायट्रोजनमध्ये.

भाजक कोणता घेताय तेही बघा. सुजलेलं आतडं पाण्याने जड होतं, त्यामुळे प्रति ग्रॅम आकडा डीएसएस गटात मुळातच खाली ओढला जातो. आतडं आखडून साडेपाचवर आल्यावर प्रति सेंमी काढलं तर उलट फुगतो. मी प्रति ग्रॅम आणि प्रति मिग्रॅ प्रथिन असे दोन्ही द्यायला सांगेन. निष्कर्ष फक्त एकातच दिसत असेल तर तो कच्चा.

औषध कशातून दिलंत? डीएसएसच्याच बाटलीत मिसळलं असेल तर कडू पाणी उंदीर कमी पितात, डीएसएस कमी जातं, आणि आतडं आपोआप लांब राहतं. तुमचे ७ सेंमी तिथून आले नाहीत ना? बाटल्या रोज तोला. निरोगी उंदीर दिवसाला ५ मिलीच्या आसपास पितो. तोंडावाटे गॅव्हाजने (नळीने थेट पोटात) दिलं असेल तर माध्यम-गटालाही (औषधाविना नुसता द्रव मिळणारा गट) गॅव्हाज झालंच पाहिजे.

आणि पिंजरे. एका गटाचे सहाही उंदीर एकाच पिंजऱ्यात असतील तर सहा नमुने म्हणू नका. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, जिवाणूंचा संच एकच होतो, आणि डीएसएसची तीव्रता जिवाणूंवर फार अवलंबून असते. प्रयोगाआधी दोन आठवडे पिंजऱ्यांतलं भुसकट आपसात मिसळा, मग प्रत्येक पिंजऱ्यात सगळ्या गटांचे उंदीर वाटा (हे फक्त औषध गॅव्हाजने देत असाल आणि सगळ्यांना डीएसएस असेल तरच जमतं, निरोगी गट वेगळाच राहील). डीएसएसचा नवा लॉट आला की तीन-चार उंदरांवर मात्रा तपासल्याशिवाय मोठा प्रयोग लावू नये. नैतिक समितीच्या अर्जात ते उंदीर आधीच मोजून मागा, नंतर वाढवून घेणं जिवावर येतं.

---

पीटीजीएस२

क्यूपीसीआरचं मी घेतो. ॲक्टिनही उशिरा येतंय म्हणजे दोष जनुकात नाही, नळीत आहे. डीएसएस हे ऋणभारित पॉलिमर आरएनएबरोबर निघून येतं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज व टॅक पॉलिमरेज या चाचणीतल्या दोन्ही एन्झाइमांना अडवतं. २६० किंवा २८० ला ते शोषत नाही, म्हणून २.० हे गुणोत्तर बघून निर्धास्त होऊ नका.

खात्री करायला सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) १० पट विरल करा. साफ नमुन्यात सीटी ३.३ ने पुढे जायला हवी. ती तिथेच राहिली किंवा उलट अलीकडे आली तर अडथळा आहेच.

साफ करायला लिथियम क्लोराइड: आरएनएला ०.१ आकारमान ८ मोलर लिथियम क्लोराइड, बर्फावर २ तास, ४ अंशांवर १४,००० जी ३० मिनिटं, निवळ टाका, गाळ २०० मायक्रोलिटर आरएनेजमुक्त पाण्यात. हेच पुन्हा एकदा. मग ०.१ आकारमान ३ मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच ५.२), २ आकारमान इथेनॉल, उणे २० वर अर्धा तास, फिरवा, ७०% इथेनॉलने धुवा. थोडा आरएनए यात जातोच, म्हणून सुरुवात जास्तीने करा. आणि निरोगी गटाचे नमुनेही याच वाटेने न्या, त्यांना सूट नको.

आता अर्थ लावताना एक सावधगिरी. एमपीओ वर म्हणजे न्यूट्रोफिल जास्त, इतकं सरळ वाचता येतं. कॉक्स-२ तसं नाही. सूज आली की ते वाढतं, पण त्यातून बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ श्लेष्मस्तर भरून काढायला मदतही करतं. कॉक्स-१ किंवा कॉक्स-२ चं जनुक काढलेल्या उंदरांत डीएसएस कोलायटिस अधिक बिकट होतो. आतड्याच्या जुनाट दाहाच्या रुग्णांना वेदनाशामक जपून द्यायला सांगतात त्यामागेही हीच शंका आहे. तेव्हा तुमच्या औषधाने एमपीओ उतरलं आणि कॉक्स-२ तसंच राहिलं, तर औषध फसलं असं लिहू नका. उलट कॉक्स-२ पार तळाला गेलं तर मला काळजी वाटेल.

ई२ मोजणार असाल तर तुकडा इंडोमेथॅसिन (कॉक्स अडवणारं औषध) घातलेल्या बफरमध्येच होमोजिनाइझ करा (१० मायक्रोग्रॅम/मिली). नाहीतर कापताना, दाबताना ऊती तिथल्या तिथे नवं बनवत राहते आणि तुम्ही आजार नाही, कात्री मोजता.

---

कोलन_आठसेंमी

औषध गॅव्हाजने, माध्यम-गटालाही गॅव्हाज आहे. पिंजरे मात्र गटवार होते, ते नोंदवलं. उरलेल्या एचटीएबी अर्कातून एमएमपी-९ (जिलेटिन पचवणारं एन्झाइम) ची झायमोग्राफी (जेलमध्ये त्याची क्रिया पट्टीरूपात बघणं) होईल का? ऊती संपली आहे.

---

गाळ_आणि_निवळ

नाही. एचटीएबी धनभारित, जेलमधलं एसडीएस हे डिटर्जंट ऋणभारित. दोघं एकत्र आले की साका पडतो आणि पट्ट्या फराटल्यासारख्या येतात. वेस्टर्न आणि एलायझा या प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणाऱ्या चाचण्यांनाही तो अर्क नको.

हिस्टॉलॉजीचे ब्लॉक असतील तर त्यांत एमपीओचं इम्युनोरंजन करून न्यूट्रोफिल मोजा, प्लेटच्या आकड्यांना साक्षीदार मिळेल. झायमोग्राफी पुढच्या खेपेला, २० मिग्रॅ वेगळे राखून: ट्रायटनचा बफर, ईडीटीए नाही, नमुना उकळायचा नाही, मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. जेलमध्ये जिलेटिन १ मिग्रॅ/मिली, नंतर २.५% ट्रायटन एक्स-१०० ने अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा, मग कॅल्शियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. उंदराचं प्रो-एमएमपी-९ सुमारे १०५ किलोडाल्टनला दिसतं, माणसाचं ९२ ला. मार्कर बघून "चुकीची पट्टी" म्हणून जेल टाकून देऊ नका.